डाव्या गुडघ्याचा गंधार

टण्... आणि मग घर्रर्र करत काहीतरी फरशीवरून लांबवर घरंगळत गेलं, कपाटाच्या पायाला लागलं आणि थांबलं.

विशाखानं श्वास धरून ठेवला. पाऊण तास थोपटून आत्ता कुठे मनूच्या पापण्या मिटल्या होत्या आणि झोपेनं सैल पडलेल्या तिच्या मुठीतून ती कांडी निसटली होती — बोटभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, पोलादाची, एक टोक घासून गोल केलेलं. तारांवर टेकवून सरकवायची कांडी. मनूच्या लेखी बाहुलीच्या पोळ्या लाटायचं लाटणं. कांडी पडली की आधी मनूकडे बघायचं आणि मगच कांडीला कुठे खरचटलं का ते, असा क्रम आता अंगवळणी पडला होता. अप्पांनी हा क्रम उलटा केला असता... नाही, केला नसता. मी लहान असताना कितीदा ती उचलून पळाले असेन, त्यांनी कधी हिसकावून घेतली नाही. फक्त म्हणायचे, वजन हाय तिला, पायावर पाडून घेऊ नको.

मनू जागी झाली नाही. हत्तींची चादर तिनं हनुवटीपर्यंत ओढली आणि ती कुशीवर वळली. धुऊन धुऊन पुसट झालेले पिवळे हत्ती. ही चादर आणि तारांचे ते आवाज, एवढ्यावर ही मुलगी चार वर्षांची झाली.

उठायला हवं होतं. सव्वाअकरा वाजले होते, एक वाजता क्लासमधून नवरा, आलोक, गाडी घेऊन येणार होता, आणि संध्याकाळी सात वाजता नांदेडला, जुन्या वादकमंडळींच्या कार्यक्रमात, विशाखा आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होती. वाजवणार होती — हे मनातल्या मनात म्हटलं की दुसऱ्याच कुणा बाईबद्दल चाललंय असं वाटायचं. दमलेलं अंग मात्र हिचंच होतं. आठ दिवसांनी येणारे नळ नेमके आज आले होते. पहाटे साडेतीनपासून पिंप, हंडे, कळश्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवलेला. मग पाणी आहे तर होऊन जाऊ दे म्हणून मनूची सोडून घरातल्या साऱ्या चादरी, अभ्रे, पडदे तिनं भिजवले, धुतले, गच्चीवर नेऊन पिळून टाकले. दोन्ही दंड आता भरून आले होते. वाजवायच्या दिवशी हातांना जपावं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांनी ते लिहिलं असणार.

कांडी उचलून तिनं गाऊनला पुसली आणि कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवली.

मशीन. पेडल स्टील गिटार हे नाव घ्यायला माहेरच्या गल्लीत कुणाला सवड नव्हती. चार पायांचं अरुंद टेबल वाटावं असं ते, वर दहा तारा, खाली तीन पायडलं. रेल्वेत फिटर असलेल्या अप्पांनी — तिच्या वडिलांनी, रामलिंगअप्पांनी — ते वीस वर्षं लावून घरी बनवलं होतं: फळी एका मोडक्या सागवानी दाराची, आतल्या ओढसळ्या सायकलच्या आऱ्यांच्या, पायडलं एका शिवणयंत्राची पायटी कापून काढलेली. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात अप्पा साधी गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवायचे, सगळ्यांच्या मागे, कधी कधी तर मंडपाच्या खांबाआड बसून. आणि एकदा कधीतरी रेडिओवर, कुठल्याशा लांबच्या देशाच्या गाण्यात, त्यांना तो आवाज ऐकू आला होता — एक सूर जागचा हलत नाही आणि त्याच्याच शेजारचा सूर वितळत खाली जातो. कांडीनं हे होत नाही. कांडी सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा बरोबर निघतात, घरातून सगळे एकदमच बाहेर पडावेत तशा. इथं एक तार एकटीच निघून जाते आणि बाकीच्या जागच्या जागी असतात. अप्पा दोन दिवस जेवणावर लक्ष नसल्यासारखे होते. मग म्हणाले, ह्याच्यात पाय हाय. हातानं रडवता येतंय, पर एका तारेला रडवायचं तर पाय लागतो.

म्हणून पायडलं. आणि सगळ्यांत शेवटी, तीन वर्षांपूर्वी, ती पट्टी.

डाव्या गुडघ्याशी लोंबणारी लोखंडी पट्टी. गुडघा बाहेरच्या अंगाला, चार बोटं, सरकवला की ती एक तार ढिली करते, आणि शुद्ध गंधार कोमल होतो. पिलू रागाच्या धुनेत दोन्ही गंधार येतात. शुद्धावरून कोमलावर येताना सूर तुटू नये, पाण्यात साखर जावी तसा जावा, एवढ्यासाठी अप्पांनी सहा महिने घासकाम केलं होतं. पट्टी बसवली, हिरवा रंग दिला, रंग वाळत ठेवला. तो वाळायच्या आत अप्पांची डावी बाजू गेली. हात, पाय, आणि बोलणं जवळजवळ सगळं.

त्या गुडघ्यानं अप्पांनी ती पट्टी एकदाही सरकवली नाही.

भाऊ शिवशंकरनं मशीन रजईत गुंडाळून लातूरला आणून टाकलं, कारण नांदेडच्या घरात पलंग टाकायला जागा हवी होती. टाकलं हाच शब्द होता. आत्यांनी — सासूबाईंना ती आत्या म्हणायची — त्याच्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पायडलं बघितली आणि विचारलं, ह्याच्यावर शिवता येतं का काय? त्यांनी स्वतः औशात वीस वर्षं लोकांची पोलकी शिवून आलोकला शिकवलं होतं. उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. त्यानंतर मशीनबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, चांगलंही नाही, वाईटही नाही. न बोलण्याची ही त्यांची पद्धत विशाखाला सात वर्षांत कळली नव्हती.

वाजवायला वेळ म्हणजे मनूची झोप. वीज न जोडता. वीज जोडली नाही तर तारांचा आवाज माशीनं पंख हलवल्याएवढा — शेजारी झोपलेल्या लेकराला ऐकू येईल, भिंतीपलीकडे जाणार नाही. आधी मनू झोपली की विशाखा वाजवायची. मग ती वाजवायला बसली की मनू झोपायला लागली. अप्पांच्या ऑर्केस्ट्रातले ढोलकीवाले ग्यानोबाकाका, त्यांचा आठ महिन्यांपूर्वी, कार्यक्रमात वाजवशील का म्हणून फोन आला तेव्हा हो म्हणताना तिला वाटलं होतं, आता जागेपणी वाजवायला वेळ काढू. तो निघाला नाही. पायडल टेकताना खट् होऊ नये म्हणून पाऊल पिसासारखं उतरवायचं, कांडी उचलताना तारा वाजू नयेत म्हणून तळहात आधी ठेवायचा — आठ महिने ती हेच शिकली. कुणी उठू नये असं वाजवायला.

सकाळी शिवशंकरचा फोन आला होता. अप्पा आठपासून दाढी करून, कोट चढवून खुर्चीत बसलेत. सातला आहे म्हणून सांगितलं, ऐकत नाहीत. आणि एक नवंच सुरू केलंय — उजव्या हातानं डाव्या गुडघ्यावर थापा मारतात. सारख्या. "दुखतंय का म्हणून बाम चोळला, तायडे," शिवशंकर म्हणाला, "तरी थांबेनात."

त्या थापा कशाच्या, हे तिला कळलं होतं. त्याला नुसतं, चोळू नको म्हणाली.

दाराशी चाहूल लागली. आत्या आत आल्या, मनूकडे बघून पाय दाबून चालत, आणि गादीच्या कडेला त्यांनी एक पिशवी ठेवली. पिशवीतून साडी निघाली. इरकल, गर्द हिरवी, लाल काठाची. फॉल लावलेला, आणि वर घडी घातलेला ब्लाऊज.

"नेस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवढ्या लोकांत काय त्या ड्रेसवर बसती?"

तो ड्रेस, निळा, इस्त्री करून दारामागे टांगलेला होता. विशाखानं त्याच्याकडे बघितलं, मग ब्लाऊजकडे. हातशिलाई ओळखू येत होती. आत्यांचे डोळे हल्ली सुईत दोरा ओवताना पाणावतात, हेही तिला ठाऊक होतं. कधी शिवलात, असं तिनं विचारलं. आत्या मनूच्या चादरीची नसलेली सुरकुती नीट करत राहिल्या. तुझं लग्नातलं माप धरून शिवला होता, म्हणाल्या, त्या ग्यानोबाचा फोन आला त्याच आठवड्यात. मग दोरीवर तुझा आत्ताचा वाळत घातलेला बघितला. उसवला, परत शिवला.

आठ महिने. म्हणजे पलीकडच्या खोलीत ह्याही...

ड्रेसच घालते, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते तिथंच विरघळलं. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती सगळी पहाटे गच्चीवर पिळली गेली होती. असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं ते नव्हतं. खरं असं होतं की सात वर्षांत पहिल्यांदा ह्या बाईनं तिच्यासमोर काहीतरी ठेवलं होतं आणि हात मागे घेतला नव्हता.

तिनं साडी नेसली. ब्लाऊज असा बसला की जणू कुणी पाठीवर हात ठेवलाय. आत्या चहा टाकायला गेल्या आणि ती, एकदा हात फिरवून बघू म्हणून, मशीनपुढे स्टुलावर बसली. वीज न जोडता, सवयीनं. धून सुरू झाली, पायडल खाली गेलं, काठ जरा अडखळला पण गेलं. मग तो शुद्ध गंधार आला आणि डावा गुडघा बाहेर निघाला — आणि थांबला.

दोन बोटांवर थांबला. पुढे कापड होतं. दोन्ही गुडघ्यांवरून ताणलेली इरकल, ढोलकीच्या पुडीसारखी ताठ. गंधार निम्म्यातच अडकला, शुद्ध नाही, कोमल नाही, दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळणारा. तिनं जोर लावला. कापड कुरकुरलं. साडी वर ओढून बघितलं, निऱ्या सैल केल्या. पुन्हा तेच.

आठ महिने मी गाऊनवर वाजवलं. एकदाही, एकदाही मनात आलं नाही की स्टेजवर गाऊन नसतो. अप्पांच्याही आलं नसणार. ते धोतर नेसत नव्हते, पँट घालत होते, आणि मशीन बनवताना त्यांनी आपल्या मांडीचं माप घेतलं होतं. गुडघे जुळवून बस, आई म्हणायची. पाटावर, बसमध्ये, पाहुण्यांपुढे, बघायला आलेल्यांपुढे... चाळीस वेळा, चारशे वेळा. एका सुरासाठी चार बोटं उघडायचा गुडघा.

ड्रेस दारामागे होता. पाच मिनिटांचं काम. किंवा मग तो सूर नुसता कांडीनं घ्यायचा, सरकवून, सगळ्या तारांसकट. लोकांना काय कळणार आहे? नव्वद टक्के लोकांना कळणार नाही. पहिल्या रांगेत कोट घालून बसलेल्या एका माणसाला कळेल. त्याला बोलता येत नाही, तो काही म्हणणारही नाही. फक्त त्याचा हात गुडघ्यावर थांबेल.

हे डोळ्यांपुढे आलं आणि तिला एकदम झोप आली. खरीखुरी झोप, डोळ्यांमागून येणारी. कपाळ फळीवर टेकावं आणि कुणीतरी एक वाजता येऊन सांगावं की कार्यक्रम झाला, बरा झाला.

"कुठं अडून राहिलंय?"

आत्या चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"काही नाही."

"दोनदा थांबलीस. त्याच जागी."

विशाखानं वर बघितलं. त्याच जागी — म्हणजे पुढं काय येतं हे ह्यांना माहीत होतं. भिंतीपलीकडे जात नाही असं ती समजत होती तो आवाज; दार मात्र, मनूसाठी म्हणून, नेहमी बोटभर उघडं असायचं. तिनं सांगून टाकलं. डावा गुडघा, चार बोटं बाहेर जायला हवा, साडीत जात नाही.

आत्यांनी कप खिडकीत ठेवला.

"मग आठ म्हैने काय नेसून वाजवलीस?"

"गाऊन."

"तू बी येडी," आत्या म्हणाल्या, "अन् मी बी. इतकी वर्षं मशीन चालवली अन् ध्यानात आलं न्हाई."

त्या खाली बसल्या, फरशीवर, गुडघ्यांवर हात टेकत, आणि पहिल्या दिवशी वाकल्या होत्या तशाच मशीनखाली वाकल्या. तिच्या निऱ्यांचा घोळ त्यांनी मुठीत धरला, दोन्ही मांड्यांच्या मधून मागे नेला, उजव्या मांडीखाली खोचला, आणि डाव्या बाजूचा काठ वर उचलून कमरेशी. शिवायला त्या स्वतः अशाच बसायच्या, म्हणाल्या, पायटीत काठ गुतू नये म्हणून. दारात गिऱ्हाईक दिसलं की ओढून घ्यायच्या. त्यांची बोटं गार होती, चहाच्या कपानंही तापली नव्हती. एवढ्या जवळून आत्यांचा भांग विशाखानं कधी बघितला नव्हता.

"आता सरकव."

गुडघा गेला. दोन बोटं, तीन, चार. गंधार उतरला — न तुटता, सावकाश, बाकीच्या तारा जिथं होत्या तिथंच असताना — आणि खाली जाऊन टेकला.

आत्या वाकलेल्याच होत्या, आणि त्यांचं लक्ष तारांकडे नव्हतं, पट्टीकडे होतं. हिरवा रंग एका जागी घासून लोखंड दिसायला लागलं होतं. तेवढ्यावर त्यांनी अंगठा फिरवला. मग त्यांची नजर वर आली आणि विशाखाच्या उघड्या पोटरीवर थांबली, गुडघ्यापर्यंत. विशाखालाही आत्ता ती दिसली. स्टेज उंच असतं. लोक खाली बसतात.

"पुढनं पडदा लावू," आत्या म्हणाल्या. "चादर टाचायची. पिना देते मी."

बाकीच्या सगळ्या चादरी गच्चीवर ओल्या होत्या. घरात कोरडी एकच होती, आणि ती मनूच्या अंगावर. आत्यांनी ती अलगद, एकेक टोक सोडवत काढून घेतली, मनूवर स्वतःची शाल पांघरली. एक दिवस माझ्या कुशीत निजंल, म्हणाल्या, मनूला घेऊन त्या मागेच राहणार होत्या ना. दातांत पिना धरून त्यांनी चादर मशीनला लावून मापली. बरोबर बसत होती. पुसट हत्ती ओळीनं समोर आले आणि त्यांच्या मागे पायडलं, पट्टी, पोटरी, सगळं नाहीसं झालं.

मशीन तयार होत होतं तेव्हा सगळे अप्पांना म्हणायचे, पुढून एक फळी ठोका, ह्या सळ्या, तारा काय चांगल्या दिसतात? अप्पांनी ठोकली नाही. रडवायचं पायानं, म्हणायचे, अन् त्यालाच झाकून ठेवायचं व्हय? जन्मभर खांबाआड बसलेला माणूस. आज तो समोर बसेल. सूर त्याला ऐकू येईल, पुरा, तोडलेला नाही. गुडघा दिसणार नाही.

ऐकू येणं पुरे आहे का... तिनं आत्यांकडे बघितलं. त्या चादरीची घडी घालत होत्या, काळजीनं, काठाला काठ लावून, गिऱ्हाइकाला द्यायच्या कपड्यासारखी. पिनांची डबी वर ठेवली. चादर पिशवीत गेली. विशाखानं उठून दारामागचा ड्रेस काढला, हातात धरला, परत खुंटीला लावला; मग पुन्हा काढून पिशवीत, चादरीच्या खाली सरकवला. आत्यांनी हे बघितलं. पिशवीचं तोंड त्यांनीच बांधलं.

चहा गार झाला होता. तो तिनं तसाच पिऊन टाकला. दंड अजून दुखत होते, पण आता ते लांबून, दुसऱ्या खोलीतून दुखल्यासारखे. ज्या जागी मघाशी झोप होती तिथं काहीतरी जागं होऊन बसलं होतं. भीती असेल. कितीतरी वर्षांत ती कशाला घाबरली नव्हती, नुसती दमली होती.

तिनं मशीनच्या पायाचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला. तो करकरला. तिचा हात सवयीनं थांबला, मग थांबला नाही.

मनू उठून बसली होती. अंगावरच्या शालीकडे बघितलं, शालीचा वास घेतला. मग हिरव्या साडीतल्या आईकडे, सुट्या होत चाललेल्या मशीनकडे, आणि पिशवीच्या गाठीतून बाहेर आलेल्या एका हत्तीच्या शेपटीकडे तिनं बराच वेळ बघितलं. रडली नाही. आजीनं जवळ घ्यायला हात पुढे केला, तिकडे गेली नाही. पलंगावरून उतरून ती आईच्या पुढ्यात आली आणि झोपेनं जड झालेल्या आवाजात म्हणाली,

"आई, तिथं तू कुणाला झोपवणार आहेस?"